जन्माचं हाड

दस्तगीर शिकलगार शिंकले आणि त्यांच्या पाठीचा मणका मोडला.

एवढ्या मोठ्या घटनेला एवढंसं कारण असावं, याचं सगळ्यात जास्त वाईट त्यांना स्वतःला वाटलं. मिरजेच्या त्यांच्या गल्लीत माणसं हाडं मोडून घेत नसत असं नाही. पण त्यामागे काही कर्तबगारी असे. कुणी चिंचेवरून पडे, कुणी भावाशी भांडता भांडता जिन्यावरून. त्यांच्या थोरल्या चुलत्यांनी तालमीत मांडी मोडून घेतली होती आणि पुढची तीस वर्षं ती पाहुण्यांना दाखवली होती. शिंक पाहुण्यांना काय दाखवणार? तीसुद्धा उंटाच्या हाडाची पूड नाकात गेली म्हणून आलेली. म्हणजे हाडानंच हाड मोडलं, असं दस्तगीर स्ट्रेचरवरून म्हणाले. ते ऐकून हसायला शेजारचे दोघेच होते आणि तेही स्ट्रेचर उचलण्यात गुंतले होते.

साल दोन हजार त्रेचाळीस. दस्तगीर एकाहत्तर वर्षांचे. काम एकच, तंबोऱ्याची जवारी काढणं.

तंबोऱ्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, तारांखाली, हाडाची एक बसकी घोडी असते. तिचा माथा सपाट दिसतो, पण केसभर उतरता असतो. छेडलेली तार त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. आणि त्यातूनच तो भरलेला, पोळ्याभोवती मधमाश्या घोंघावाव्यात तसा झंकार उठतो. हा उतार कानशीनं घासून काढायचा. एक हात जास्त पडला की तार उघडी पडून किरकिरते. एक कमी पडला की सर्दी झाल्यासारखी बोलते. या दोहोंच्या मध्ये जी जागा आहे, ती जवारी. मोजपट्टीवर ती सापडत नाही. अलीकडे ती यंत्रांनाही सापडू लागली होती. पण यंत्रानं काढलेल्या जवारीचे दहा तंबोरे एका ओळीत ठेवले तर दहाही एकाच शाळेत, एकाच बाकावर बसून शिकल्यासारखे वाजत.

दस्तगीरांना ती जागा जबड्यानं सापडायची. नवव्या वर्षी त्यांचे दोन्ही कान फुटले, महिनाभर वाहिले आणि पडदे गेले ते गेलेच. वडिलांनी तेव्हा फार दुःख केलं नाही. "कान गेले म्हणून काय झालं, जबडा आहे की," असं म्हणून त्यांनी पोराचा उजवा जबडा तंबोऱ्याच्या दांडीवर टेकवला आणि तार छेडली. पडदे फाटले होते, पण आतला कान शाबूत होता. आवाज हाडातून थेट तिथं पोचला. दस्तगीरांच्या डोक्यात जणू कुणी दिवा लावला. तेव्हापासून बासष्ट वर्षं त्यांचं काम असंच चाललं होतं. तंबोरा आडवा, जबडा दांडीवर, डोळे मिटलेले, एका हातात कानस. नवं गिऱ्हाईक आलं की समजे म्हातारा झोपलाय, आणि हळूच परत जाई. त्यांची बायको जुलेखा म्हणायची, "झोपून कमावणारा माणूस अख्ख्या मिरजेत एकच, आणि तो माझ्या वाट्याला आला."

बोलणं ऐकायला कानामागे यंत्र होतं. पण त्यातून तंबोरा पत्र्याच्या डब्यासारखा वाजे, म्हणून कामाच्या वेळी ते खिशात असे. जुलेखाच्या मते भांडणाच्या वेळीही.

*

"चाचा, तुमची हाडं बाहेरून हाडं आहेत," डॉक्टर सायली कुपवाडे पडद्यावरचं चित्र दाखवत म्हणाल्या. "आतून पाव आहे."

"साधा की ब्रून?"

"अब्बा," शेजारी बसलेली नाझनीन म्हणाली. ती त्यांची एकुलती एक मुलगी. सांगलीला फिजिओथेरपिस्ट होती, म्हणजे आयुष्यभर लोकांना न आवडणारे व्यायाम सांगायची.

डॉक्टर वयानं लहान होत्या, पण समजावून सांगायचा त्यांना कंटाळा नव्हता. त्यांनी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं. "इथं थायरॉइड. फुलपाखरासारखी ग्रंथी. तिच्या पाठीमागं तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी चिकटलेल्या असतात. त्यांचं काम एकच, रक्तातल्या कॅल्शियमची चव घेत बसणं. जरा कमी झालं की त्या हॉर्मोन सोडतात. हाडांना निरोप जातो, थोडं पाडा आणि रक्तात पाठवा. कारण कॅल्शियमशिवाय हृदयच चालणार नाही. हाडं काय, नंतर बांधता येतात, असा शरीराचा हिशेब."

"आणि नंतर कुणी बांधत नाही."

"तुमच्या वयात नाही. आता याच्या उलट काम करणाऱ्या पेशीही आहेत, थायरॉइडच्याच पोटात. सी-पेशी म्हणतात त्यांना. कॅल्शियम वाढलं की त्या कॅल्सिटोनिन नावाचं हॉर्मोन सोडतात, की पाडकाम थांबवा. पण माणसाच्या शरीरात या पेशी अगदी आळशी. थायरॉइड काढून टाकली तरी हाडांना त्यांची फारशी आठवण येत नाही."

"म्हणजे नेमणूक आहे, काम नाही," दस्तगीर म्हणाले. "आमच्या गल्लीत दोघं होते असे. दोघंही सत्कार होऊन निवृत्त झाले."

डॉक्टर हसल्या आणि मुद्द्यावर आल्या. गेल्या काही वर्षांत या आळशी पेशींना शिकवायची युक्ती सापडली होती. गळ्यातून चिमूटभर पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत सहा आठवडे शिकवायच्या आणि परत सोडायच्या. शिकून आलेल्या पेशी दोन कामं करत. एक, पाडकाम वेळेवर थांबवणं. आणि दुसरं, त्या चार दाण्यांचंच हॉर्मोन स्वतः बनवून, थोडं थोडं, थांबून थांबून सोडणं.

"पण ते तर हाड पाडतं म्हणालात."

"सतत झिरपत राहिलं तर पाडतं. रोज थोडा वेळ येऊन गेलं तर तेच हॉर्मोन हाड बांधतं. औषध तेच, लय वेगळी."

बाकी सगळं दस्तगीरांनी डॉक्टरांच्या भरवशावर सोडलं. पण हे वाक्य त्यांना मुळापासून पटलं. तारेचंही तसंच असतं. टेकून राहिली तर मुकी, टेकून सुटली तर बोलकी.

तरीही त्यांनी पाय मागे घेतला. आपलं बैठं काम, आता राहिलेत किती दिवस, पाठीला पट्टा बांधू, वगैरे. नाझनीननं सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलली. "अम्मीचे अकरा महिने मी पुन्हा करणार नाही."

सात वर्षांपूर्वी जुलेखा मोरीच्या उंबऱ्याला अडखळली होती. नुसती अडखळली. खुब्याचं हाड मोडलं आणि ती खाटेवरून उठली नाही. अकरा महिने दोघा बाप-लेकींनी तिला कुशीवर वळवलं. शेवटी शेवटी तिला वळवताना ती इतकी हलकी लागायची की दस्तगीर दचकायचे.

त्यांनी सही केली.

*

नऊ महिन्यांत दस्तगीर तीन सेंटिमीटर उंच झाले. म्हणजे वाकलेले होते ते सरळ झाले. पण त्यांच्या पायजम्याला हे कुणी सांगितलं नसल्यानं तो वर राहिला.

तोवर गावात पुष्कळांनी गळ्यातल्या पेशी शिकवून घेतल्या होत्या आणि मिरजेचा म्हातारा नावाचा प्राणी ओळखू येईनासा झाला होता. स्टेशन रोडवरच्या काठीवाल्यानं काठ्या काढून पतंग विकायला ठेवले. निवृत्त मास्तर माळ्यावर चढून तीस वर्षांपूर्वीची भांडी काढत आणि सुना ती पुन्हा वर ठेवत. पंचाहत्तरीच्या एका वकिलांनी भर रस्त्यात प्रतिपक्षाला ढकलून दिलं आणि न्यायालयात सांगितलं की त्याला काही लागलेलंच नाही. ते खरंच होतं.

दस्तगीर मात्र सुखात होते. पाठ दुखायची थांबली, तसे जुने दिवस आठवायला फुरसत मिळाली. पूर्वी थंडी तोंडावर आली की बैठकांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी दुकान गच्च भरे. धारवाडहून कुणी येई, इचलकरंजीहून कुणी, तंबोरे गाद्यांत गुंडाळून, स्वतः मात्र थंडीत कुडकुडत. गवई लोक दुकानाच्या पायरीवर बसून एकमेकांच्या गुरूंची निंदा करीत आणि स्वतःच्या गुरूचं नाव काढताना कानाची पाळी धरीत. जुलेखा भज्यांची परात पाठवायची. ती रिकामी होईस्तोवर कुणाच्याही तंबोऱ्याला हात लागायचा नाही, असा दंडक होता. तो कुणी घातला हे कुणाला आठवत नव्हतं, पण परात जुलेखाचीच होती.

त्या गर्दीतल्या आता उज्ज्वलाताई हेर्लेकर तेवढ्या उरल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, कोल्हापूरच्या. गळा अजून शाबूत आणि जीभ त्याहून. गेली बेचाळीस वर्षं त्या दर कार्तिकात आपला तंबोरा दस्तगीरांकडे आणत होत्या. यंदाही आणला. दस्तगीरांनी जबडा टेकवला, तार छेडली आणि कपाळाला आठी घातली. जवारी फार उघडी पडली होती. तार किरकिरत होती. त्यांनी दोन दिवस जीव ओतून घोडीचा माथा नव्यानं घासला, जवारी मिटवत आणली आणि तंबोरा पाठवून दिला.

चौथ्या दिवशी तो परत आला. मागोमाग ताईही.

"मियाँ, कुणाचा तंबोरा पाठवलात मला?"

"तुमचाच की, ताई."

"माझा नाही. माझा बोलतो. हा कांबळं पांघरून बोलतोय."

दस्तगीरांनी कानामागचं यंत्र नीट बसवलं, पुन्हा काढलं आणि जबडा टेकवला. तार स्वच्छ, गोल, भरलेली. "ताई, हे बघा, पहिल्यासारखाच..."

"मियाँ," उज्ज्वलाताई हळू आवाजात म्हणाल्या. हळू आवाज म्हणजे गंभीर मामला, हे दस्तगीरांनी ओठांवरूनच ओळखलं. "बेचाळीस वर्षांत मी तुम्हाला कधी चूक काढून दाखवली?"

"दर वर्षी."

"पण परत आणला होता कधी?"

नव्हता. आठवड्यात आणखी दोन तंबोरे परत आले. दोन्हींची तक्रार तीच, आवाज बंद झाला, सर्दी झाली. बाहेर सर्दी आणि डोक्यात किरकिर. म्हणजे दोष तंबोऱ्यात नव्हता. दस्तगीर पायरीवर बसून राहिले. बासष्ट वर्षं ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला, ते माणूस खोटं बोलू लागावं तसं त्यांना वाटलं. आणि ते माणूस नेमकं त्यांच्याच डोक्यात राहत होतं.

*

डॉक्टर कुपवाड्यांनी कवटीची चित्रं घेतली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. डॉक्टर बोलेनासे झाले की रोग महाग असतो हे दस्तगीरांना ठाऊक होतं.

"चाचा, शरीरातलं हाड सतत बदलत असतं. जुनं पाडायचं, नवं बांधायचं. साधारण दहा वर्षांत बहुतेक सांगाडा नवा झालेला असतो. फक्त एक जागा सोडून." त्यांनी कानाच्या आत खोलवरचा पांढरा ठिपका दाखवला. "आतल्या कानाभोवतीचं हे कवच. हे आईच्या पोटात बनतं आणि मग जवळजवळ कधीच बदलत नाही. आतला कान स्वतःच एक रस सोडतो आणि पाडकाम करणाऱ्या पेशींना दारातूनच परत पाठवतो. माणसाच्या अंगात जन्माचं हाड असं तेवढंच."

"मग?"

"तुमच्या शिकवलेल्या पेशी जरा जास्तच हुशार निघाल्या. त्यांनी ते दार उघडलं. आजवर असं कुणाचं झालं नव्हतं. पण बांधकाम करणाऱ्या पेशी जिथं कंप पोचतो तिथं आधी धावतात, आणि तुमच्याइतका कंप कुणी उजव्या जबड्यातून डोक्यात घातलेला नाही. तुमच्या उजव्या कानाभोवतीचं हाड एकाहत्तर वर्षांचं होतं. आता नऊ महिन्यांचं आहे. नवं, ताठ. त्यातून वरचे स्वर जास्त जोरात पोचतात. म्हणून तुम्हाला प्रत्येक जवारी उघडी वाटते."

दस्तगीर बोटांनी कानामागचं हाड चाचपत बसले. त्याच हाडानं त्यांनी वडिलांची कानस ऐकली होती. त्याच्या आधी, कान फुटण्याच्याही आधी, आईला ऐकलं होतं. जुलेखाचा सगळा तक्रार-विभाग त्यातूनच आत आला होता. आणि आता त्या जागी कुणी कोरा करकरीत दगड बसवला होता.

"डावं?" त्यांनी विचारलं.

"डावं अजून बरंचसं जुनं आहे. चार महिने. फार तर पाच." डॉक्टरांनी टेबलावर एक लहान पुडी ठेवली. "ही गोळी घेतली तर शिकवलेल्या पेशी कायमच्या झोपतील. डावा कान वाचेल. पण पाडकाम पुन्हा सुरू होईल, आणि त्याच पेशी दुसऱ्यांदा शिकत नाहीत. दोनेक वर्षांत मणके, मग खुबा. मी सांगणार नाही काय करा. पुडी देऊन ठेवते, कारण वेळ कमी आहे. पण घरी सांगून घ्या."

दस्तगीरांनी पुडी शर्टाच्या खिशात टाकली आणि घरी काही सांगितलं नाही. आजार सांगायचे असतात, त्यांच्या मते. औषधं आपली आपण घ्यायची असतात.

*

गोळी रविवारी घ्यायची, असं त्यांनी ठरवलं. शनिवारी उज्ज्वलाताईंचा तंबोरा डाव्या जबड्यावर पुन्हा काढायचा आणि मग बाकीचं काय व्हायचं ते होवो. पण बासष्ट वर्षांच्या उजव्या माणसाला डावीकडून काम करणं म्हणजे आरशात बघून दाढी करण्यासारखं. जबडा टेकवला तर कानस पोचेना. कानस धरली तर तार छेडायला हात उरेना. नाझनीन भेटायला आली होती, तिला त्यांनी बसवलं.

"भोपळा मांडीत घट्ट धर. मी मान हलवली की तार छेड. फार काही करू नकोस."

"मी कधी काही करत होते का?" ती म्हणाली. त्यांच्या घरात मुलींच्या हाती कानस द्यायची रीत नव्हती. लेक परक्या घरी जाणार, जवारीचं गुपित तिच्याबरोबर जाणार, असं आजोबा म्हणत, वडील म्हणत, आणि दस्तगीरांनी कधी काही न म्हणताच पाळलं. त्यांनी दोन पुतण्यांना शिकवलं. एक फर्निचरच्या धंद्यात गेला, दुसरा पुढारी झाला. गुपित त्यांच्याकडे अगदी सुरक्षित राहिलं, कारण त्यांना ते कळलंच नव्हतं.

काम सुरू झालं. ती छेडायची, ते घासायचे. भोपळा मोठा म्हणून नाझनीननं त्यावर हनुवटी टेकवली होती. डाव्या कानात जुना आवाज हळूहळू जागा होत होता, आणि दस्तगीरांचे डोळे मिटले ते पुन्हा उघडावेसे वाटेनात. दुपार सरत होती.

त्यांच्या दंडाला बोट लागलं. त्यांनी वैतागून यंत्र कानात घातलं. "काय?"

"तिसऱ्या तारेत काहीतरी अडकलंय. भुंगा अडकल्यासारखं. मागच्या कडेला एकदा घासा. एकदाच."

ते स्वतः नेमके तिथंच घासणार होते. त्यांनी घासलं. भुंगा उडून गेला.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? ऐकू येतंय की." नाझनीन जरा गोंधळली. "अम्मी दुपारी शिवणाच्या क्लासला जायची तेव्हा मी कुठं असायचे, अब्बा?"

दस्तगीरांना आठवेना. घासत असले की त्यांना काहीच आठवत नसे.

"इथं. तुम्ही दांडीला जबडा लावून बसायचा आणि मी भोपळ्यावर डोकं ठेवून झोपायचे. शाळेत जाईपर्यंत रोज. सगळ्यांना अशीच झोप येते असं वाटायचं मला. लग्न झाल्यावर दोन वर्षं उशीवर झोप लागली नाही. कुणाला सांगणार, मला भोपळा पाहिजे म्हणून?"

दस्तगीर लेकीकडे बघत राहिले. त्रेचाळीस वर्षांची बाई, कानाशी दोन पांढरे केस, भोपळ्यावर हनुवटी. त्यांनी जे उभ्या जन्मात कधी शिकवलं नाही, ते तिच्या डोक्यातल्या न बदलणाऱ्या हाडात सुरुवातीपासून होतं. त्यांच्याच हातानं, त्यांच्या नकळत, रोज दुपारी घातलेलं. एवढं घर राखलं आणि दागिना बाहेर अंगणात पडलेला.

त्यांनी खिशातून पुडी काढून तिच्यापुढे ठेवली आणि काय आहे ते सांगितलं. नाझनीननं शांतपणे ऐकलं. मग ती इतकी भडकली की त्यांना यंत्राची गरज उरली नाही.

"चोरून घेणार होता तुम्ही? म्हणजे पुन्हा खाट, पुन्हा ते कुशीवर वळवणं, आणि मी एकटी?"

"माझं दुसरं काय आहे, नाझू?" ते म्हणाले. "हाडं आहेत तर काम नाही, काम आहे तर हाडं नाहीत. नुसतं ताठ उभं राहून मी करू काय? दाराला टेकण द्यायचं?"

 नाझनीन भोपळ्यावरून हात फिरवत राहिली. दस्तगीरांनी पायाशी पडलेली कानस उचलली, मूठ पुसली आणि मूठ तिच्याकडे करून पुढे धरली.

"चार महिने डावा कान आहे," ते म्हणाले. "तोपर्यंत दोघं ऐकू. तू चुकलीस तर मी सांगेन. त्यानंतर कुणी सांगणार नाही. गोळी तू ठेव, नाहीतर मोरीत टाक."

तिनं पुडी मोरीत टाकली आणि पाणी ओतून बघत उभी राहिली.

*

सांगलीहून मिरज फार लांब नाही, पण त्या हिवाळ्यात नाझनीनच्या रुग्णांना ते फार लांब वाटू लागलं. ती संध्याकाळची वेळ रद्द करून येई. एका तंबोऱ्यावर दोन डोकी, बाप दांडीला, लेक भोपळ्याला. शेजाऱ्यांना वाटे, आता दोघंही झोपून कमावतात.

कान तिला होता, हात नव्हता. पहिल्या महिन्यात तिनं सात घोड्या वाया घालवल्या. दस्तगीर तिचं मनगट धरून सांगत, "जोर खांद्यातून नको, श्वासातून. श्वास सोडताना घास." आणि ती म्हणे, "हेच मी पेशंटला सांगते, त्यांनाही कळत नाही." आठव्या घोडीला तीन तारा बोलल्या. त्या दिवशी दस्तगीरांनी भजी मागवली. ती जुलेखाच्या भज्यांच्या जवळपासही नव्हती, यावर दोघांचं एकमत झालं आणि दोघांनी ती संपवली.

फेब्रुवारीत डावा कान जायला लागला. आधी खर्जाची, सगळ्यात जाड तार पातळ झाली, मग मधल्या जोडाच्या तारांत काचेची कड आली. दस्तगीरांनी ते तिला सांगितलं नाही. तिनंच ओळखलं, कारण ते आता "थांब" म्हणायला उशीर करू लागले होते. एका संध्याकाळी ते काहीच बोलले नाहीत. नाझनीन आपली आपण थांबली, कानस खाली ठेवली आणि त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली, पण ती नुसती विश्वासाची होती. माहितीची नव्हती. दोघांनाही ते कळलं.

मार्चमध्ये उज्ज्वलाताईंना निरोप गेला.

त्या आल्या, बैठकीवर बसल्या, तंबोरा उभा केला. चारही तारा लावल्या आणि छेडू लागल्या. बराच वेळ छेडत राहिल्या. दस्तगीर पायरीजवळ ताठ उभे. त्यांना यंत्रातून पत्र्याचा डबा ऐकू येत होता, म्हणून ते ताईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. आणि तो चेहरा बेचाळीस वर्षांत त्यांना कधी वाचता आला नव्हता.

"हा तुमचा हात नव्हे, मियाँ."

"नव्हे."

"कुणाचा?"

दस्तगीरांनी हनुवटीनं नाझनीनकडे दाखवलं. ताईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पुन्हा तारा छेडल्या.

"यांच्या जवारीत कायम संध्याकाळ असायची. तुझ्यात नाही." नाझनीनचा चेहरा उतरला. ताईंनी छेडणं थांबवलं नाही. "तुझ्यात दुपार आहे. रिकामी, लांबलचक दुपार. पडवीत कुणीतरी झोपलंय अशी." त्या जरा थांबल्या. "माझ्या वयात संध्याकाळ घरी पुष्कळ असते. दुपार कुठं मिळते? राहू दे. फक्त खर्ज अजून किंचित धरून आहे, तो सोडव. मी बसते."

नाझनीननं तंबोरा आडवा घेतला, जबडा दांडीला लावला, डोळे मिटले. आता दुकानात दस्तगीरांना करण्यासारखं काहीच नव्हतं. हातात कानस नसताना या दुकानात उभं राहायची त्यांना सवय नव्हती, म्हणून चहा टाकायला ते घराकडे वळले. लक्ष मागे होतं. पायरीची कड चुकली आणि ते अख्खेच्या अख्खे फरशीवर आदळले, उजव्या खुब्यावर.

उज्ज्वलाताई धडपडत उठल्या. "अगं बाई, पडले! नाझनीन!"

नाझनीननं डोळे उघडले नाहीत. जबडा दांडीवरच होता. "बसा, ताई. काही मोडलेलं नाही."

"तू बघितलंससुद्धा नाहीस."

"ऐकलं," ती म्हणाली. "फरशीतून आलं. भरीव होतं."

यातलं काहीच दस्तगीरांपर्यंत पोचलं नाही. पडताना यंत्र कानातून उडालं होतं आणि त्यांच्याभोवती नवव्या वर्षीची शांतता पसरली होती. त्यांनी खुबा चाचपला, मनगट वळवून बघितलं, पाय दुमडून सरळ केला. सगळं जागेवर होतं. ते तसेच कुशीवर पडून दुकानात बघत राहिले. लेकीनं तार छेडली. कपाळाला बारीक आठी होती. तिनं श्वास सोडला, कानस एकदा फिरली. तिनं पुन्हा छेडलं, आणि आठी हळूहळू मिटत गेली.

जवारी लागली होती. दस्तगीर उठले, गुडघे झटकले आणि चहा टाकायला आत गेले.